फुलपाखरांतलं पहिलं बक्षीस

२०१७ च्या ऑगस्टमध्ये, एका शनिवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, कॉर्क हार्बरच्या काठावरच्या एका गावात माझ्या आत्यावर अन्याय झाला. लपूनछपून नाही, भर हॉलमध्ये, माइकवरून, टाळ्यांच्या कडकडाटात झाला. तिला पहिलं बक्षीस देण्यात आलं. हसू नका. बक्षीस देऊन माणसाचा जितका अपमान करता येतो तितका शिव्या देऊनही करता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. कारण या जगात एकही वस्तू, प्राणी, पदार्थ किंवा पाहुणा आपल्या खऱ्या नावाशिवाय क्षणभरही राहू नये असं मनापासून वाटणारी माझ्या आत्यासारखी दुसरी बाई अख्ख्या आयर्लंडच्या बेटावर नव्हती. पृथ्वीवर असल्यास मला कळवा, मी येऊन तिचे पाय धरीन.

आत्या मूळची भंडाऱ्याची. नागपुरात शिकली, पुण्यात नोकरी केली आणि तिथून उचलली गेली ती थेट कॉर्कजवळच्या रिंगास्किडीतल्या एका औषध कंपनीत, गुणवत्ता विभागात. तिथे दारातून आत आलेल्या प्रत्येक डब्याला, पिंपाला, पुड्याला आधी पिवळी चिठ्ठी लागते. पिवळी म्हणजे तपासणी बाकी. पास झालं की हिरवी, नापास झालं की लाल. चिठ्ठीशिवाय काही नाही. हा नियम आत्याने कंपनीकडून घेतला की कंपनीने आत्याकडून, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मी कॉर्कला एमएससीला आले तेव्हा गावात विद्यार्थ्यांना खोली मिळत नव्हती (तो वेगळा अन्याय, त्यावर मी वेगळी पत्रकं काढली, आणि अजून काढते), म्हणून आत्याकडे राहायला गेले. विमानाने सुजलेले पाय घेऊन तिच्या दारात उभी राहिले, तर तिने मला मिठी मारली, डोळे पुसले आणि माझ्या बॅगेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. म्हणाली, "आलेला माल लगेच आत घ्यायचा नसतो, बाळा." पुढचे काही दिवस मी त्या घरात पिवळी म्हणून राहिले. ओला टॉवेल कुठे टाकते, दुधाचं भांडं विसळून ठेवते की नुसतं ठेवते, खोटं बोलताना मान कुठे वळवते, सगळ्याची तपासणी झाली. मग एका सकाळी माझ्या खोलीच्या दारावर हिरवी चिठ्ठी दिसली. डिग्री मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नाही.

तिच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि महिनाभरात तुम्हीही म्हणायला लागता) धने, जिरे, तीळ तर नाव लावून होतेच, पण एका बरणीवर "बहुधा ओवा" असंही लिहिलेलं होतं. "बहुधा" हा शब्द आत्या फार जपून वापरायची. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या होळीला एका वहिनींनी मेहनतीने पुरणपोळ्या केल्या. डाळ मिळाली नाही म्हणून त्यांनी आत टिनातले चणे वाटून घातले होते. सगळे "वा वा" करत होते. आत्याने एक घास खाल्ला, पर्समधून पेन काढलं आणि ताटाशेजारच्या कार्डावर "पुरणपोळी"च्या पुढे शांतपणे "सदृश" लिहिलं. वहिनी तिच्याशी कित्येक महिने बोलल्या नाहीत. पुढच्या होळीला मात्र पोळ्या मंडळात नेण्याआधी त्या गुपचूप आत्याच्या दाराशी आल्या, झाकण उघडून, गेल्या वर्षीचं तेच कार्ड पुढे करून उभ्या राहिल्या. आत्याने चव घेतली, डोळे मिटले आणि कार्डावरचं "सदृश" खोडलं. वहिनी रडल्या. मी स्वतः पाहिलंय.

आयर्लंडमधल्या एका शब्दाशी मात्र तिचं उभं वैर होतं. तो शब्द म्हणजे "ग्रँड". पाय मोडला, कसं आहे? ग्रँड. आठ दिवस धुवांधार कोसळतंय, हवा कशी? ग्रँड. तिच्या विभागातला एक तरुण आयरिश पोरगा यंत्राच्या आकड्यांकडे बघून "ग्रँड" म्हणाला, तेव्हा आत्याने त्याला खुर्चीत बसवून पाऊण तास समजावलं की ग्रँड ही श्रेणी नाही, मर्यादेत आहे की मर्यादेबाहेर तेवढं सांग. पोरगा शेवटी म्हणाला, "ग्रँड, समजलं."

आणि एवढ्या या बाईला स्वतःला कुठल्या खान्यात टाकायचं हे मात्र कोणालाच कधी कळलं नाही. आमच्या मंडळाचे व्हॉट्सॲपवर दोन गट होते, एक "फॅमिलीज" आणि एक "बॅचलर्स". आत्याने पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. ॲडमिनने डोकं खाजवलं आणि तिला बॅचलर्समध्ये टाकलं. तिथे डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकवरच्या आयटी कंपन्यांत काम करणारी पंचविशीतली पोरं "आज कुठे बसायचं?" आणि "फ्रिजमधलं चिकन किती दिवस चालतं?" असले प्रश्न टाकायची. आत्या पहिल्या प्रश्नाला गप्प राहायची आणि दुसऱ्याला तापमानासकट उत्तर द्यायची. मी म्हटलं, "आत्या, हा काय प्रकार आहे? सांग ना त्यांना, गट चुकलाय." ती चहात बिस्किट बुडवत म्हणाली, "राहू दे. पोरं उपाशी राहतात." जगातल्या प्रत्येक चिठ्ठीसाठी भांडणाऱ्या या बाईने स्वतःच्या चिठ्ठीची तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही.

आता पतंग. पतंग म्हणजे मांजावाला नव्हे, दिव्याभोवती फिरणारा, ज्याला इंग्रजीत मॉथ म्हणतात तो. भंडाऱ्याकडे कोशाचं रेशीम होतं, म्हणजे टसर. आत्या लहानपणी मामाच्या गावी जायची तेव्हा रानात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडलेल्या असायच्या आणि पाखरांनी त्या खाऊ नयेत म्हणून माणसं दिवसभर गलोल घेऊन राखणीला बसायची. अळीची राखण करणारा माणूस तिने लहानपणीच पाहिला, म्हणून की काय कोण जाणे, पण पन्नाशीनंतर एकाएकी तिने टपालाने ॲटलस पतंगाची अंडी मागवली. हाही कोशाच्या पतंगाच्याच कुळातला. उष्ण प्रदेशातला, आशियातला, पंख पसरले की जेवणाच्या ताटलीएवढा. मी विचारलं, "कशासाठी?" ती म्हणाली, "बघू न."

अंड्यांतून अळ्या निघाल्या. त्या प्रिव्हेटची पानं खातात, आणि आमच्या वसाहतीत प्रत्येक घराला प्रिव्हेटचंच कुंपण. आमचं कुंपण पंधरवड्यात टकलं झालं. मग आत्या शेजाऱ्यांकडे गेली आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं की तुमच्या कुंपणाची रोज थोडी हजामत केली तर चालेल का, पैसे नकोत. शेजारी खूश. हळूहळू सबंध गल्लीची कुंपणं इतकी देखणी दिसायला लागली की लोकांना वाटलं आत्याने बागकामाचा धंदा काढलाय. इकडे अळ्या हिरव्यागार, अंगावर पिठी साखर भुरभुरल्यासारख्या पांढऱ्या, माझ्या अंगठ्याहून जाड झाल्या. मग त्यांनी पानं गुंडाळून कोश केले. आणि ते कोश आत्याने हॉट प्रेसमध्ये टांगले.

हॉट प्रेस ही आयर्लंडची एकमेव उष्ण कटिबंधातली जागा. गरम पाण्याची टाकी असलेलं जिन्यातलं कपाट. तिथे चादरी, टॉवेल, मोजे ऊब खात पडलेले असतात. सबंध घरात कोकणासारखी हवा फक्त तिथे. आत्याने टाकीच्या वर दोरी बांधली, कोश लटकवले, खाली पाण्याची वाटी ठेवली, दारावर पिवळी चिठ्ठी लावली. बाकीचे कोश एकेक करून कुजले किंवा सुकले. एकच उरला. त्यानंतर मला टॉवेल हवा असला की आधी परवानगी, मग दार अर्धं उघडायचं, मग श्वास रोखून, बाळाला पाळण्यातून काढावं तसा टॉवेल काढायचा. प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी मी तसाच तो काढला, आणि टॉवेलाच्या मागून कोणीतरी माझ्याकडे बघितलं.

मी किंचाळले. आत्या तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आली. "हलू नकोस! हलू नकोस न बाप्पा!" संतापली किंवा हरखली की तिच्या तोंडून भंडारा बाहेर पडतो. कोशाखाली एक ओलं, चुरगळलेलं, विटकरी फडकं लटकत होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते भरत गेलं, ताणलं गेलं, इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. तांबूस तपकिरी रंग, त्यावर गुलाबी आणि पांढऱ्या रेघा, कडेला पिवळसर पट्टी. पुढच्या पंखांची टोकं वाकलेली, आणि त्या टोकांवर हुबेहूब सापाचं डोकं, डोळ्यासकट. मी ज्याला घाबरले ते तेच. आणि प्रत्येक पंखाच्या मध्यावर एक त्रिकोणी खिडकी. खरंच खिडकी: तिथे रंगाची पूड नसतेच, आरपार दिसतं. त्या खिडकीतून मला माझा निळा मोजा दिसत होता. आत्याने मिशांकडे बघितलं, त्या पिसासारख्या होत्या पण फार रुंद नव्हत्या, आणि म्हणाली, "मादी आहे." मग जरा हळू आवाजात, "हिला तोंड नसतं, माहिताय? अळी असताना जेवढं खाल्लं तेवढ्यावर हिला जगायचं. आठवडा, नशीब असलं तर थोडं जास्त."

त्या दिवसापासून ती घरातली पाहुणी झाली. आणि गावाच्या उन्हाळी उत्सवात आठवडाभर चालणाऱ्या प्रदर्शनात ती ठेवायची, हे ठरलं. पाहुणीला चार लोकांनी बघावं, एवढीच आत्याची इच्छा. हॉलमध्ये भाज्या, मुरंबे, विणकाम, गुलाब असे विभाग होते. समितीच्या अध्यक्षबाई, सत्तरीच्या, गुलाबांवर जीव असलेल्या आणि खरोखर मायाळू, यांनी जाळीचा पिंजरा बघितला, "ओह, ती किती सुंदर आहे!" म्हणाल्या आणि पिंजरा "फुलपाखरे व शोभेच्या वस्तू" या टेबलावर, एका म्हाताऱ्याने कोरलेल्या लाकडी फुलपाखरांच्या शेजारी ठेवला. आत्या गाडी लावायला गेली होती. ती परत येईपर्यंत परीक्षण संपलं होतं. माइकवरून तिचं नाव पुकारलं गेलं, नावाचे तीन तुकडे करून, आणि पिंजऱ्यावर लाल फीत लागली: "फुलपाखरू. प्रथम क्रमांक."

इथे पहिल्या क्रमांकाची फीत लाल असते. आत्याच्या जगात लाल म्हणजे काय ते मी वर सांगितलंच आहे. टाळ्या वाजत होत्या आणि आत्या त्या फितीकडे, जप्तीची नोटीस बघावी तशी बघत होती. मग तिने ती सोडली, घडी घातली आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिली. "आभारी आहे. पण ही फुलपाखरू नाही."

"असेना का, सुंदर तर आहे ना?"

"सुंदर ही जात नाही, मॅडम."

अध्यक्षबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि खरं कारण सांगितलं. पतंगांची वर्गवारी प्रदर्शनात नाही, आणि असती तरी लावता आली नसती. या गावात मॉथ म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे भोकं पडलेला स्वेटर. आजीने विणलेली लोकर खाणारा किडा बघायला कोण येईल? फुलपाखरू म्हटलं तर येतील. "तुझ्याच पाहुणीच्या भल्यासाठी सांगते." घरी येताना गाडीत आत्या फक्त एवढंच म्हणाली, "ती मरेल तेव्हा खोट्या नावानं मरेल. आठवडाच तं आहे तिच्यापाशी."

झालं. इथे माझं रक्त उसळलं. खोटं नाव देऊन गोड बोलायचं, आणि वर तुझ्याच भल्यासाठी म्हणायचं. हे मी घरमालकांकडून वर्षभर ऐकत होते, आता समितीकडून ऐकून घेणार नव्हते. रविवारी सकाळीच मी पत्रक लिहायला बसले. "निर्लज्ज समितीचा धडधडीत खोटेपणा!" असं जळजळीत शीर्षक दिलं. आत्याने कच्चा खर्डा मागितला, चष्मा लावला आणि पेन घेऊन बसली.

"निर्लज्ज कशावरून?"

"अगं, पत्रक आहे ते!"

"लाज मोजलीस का? नाही. काट." आणि काटलं. "धडधडीत म्हणजे किती? काट. 'सबंध गाव पेटून उठलं आहे.' कोण कोण?"

"मी."

"मग 'एक रहिवासी पेटून उठली आहे' असं लिही."

अशी चाळणी लावल्यावर माझ्या पत्रकात शेवटी दोनच वाक्यं उरली: "हिला तोंडच नाही. ही तुमचा स्वेटर कसा खाईल?" मला वाटलं, संपलं सगळं, यात आग कुठे आहे? पण मी ती दोन वाक्यं मोठ्या अक्षरात छापून हॉलच्या दाराशी वाटली, आणि काय सांगू, असं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. तोंड नाही म्हणजे काय? मग जगते कशावर? लोक आत शिरायला लागले. मुरंबे ओस पडले. लाकडी फुलपाखरंवाला म्हातारा तर पिंजऱ्याचा पहारेकरीच झाला. येणाऱ्या प्रत्येकाला "आधी स्वेटर दाखवा" म्हणून अडवायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अध्यक्षबाई स्वतः आमच्याकडे आल्या, हातात कोरं कार्ड आणि पेन. "तू बरोबर होतीस. बदलू या. काय लिहू सांग. ग्रँड?"

मी जिंकले होते! मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "थांबा. तपासलं कोणी?"

"आत्या! तूच नाही का सांगितलंस?"

"मी सांगितलं. सांगणाऱ्यानं स्वतःच तपासायचं नसतं. दुसऱ्याची सही लागते."

त्या क्षणी मला तिचा गळा दाबावासा वाटला, लिहून ठेवते. समिती शरण आलेली, पेन उघडं, कार्ड कोरं, आणि ही बाई आपल्याच विजयाला पिवळी चिठ्ठी लावते! तिच्या कंपनीत एक माणूस काम करतो आणि दुसरा तपासून सही करतो; एकाच माणसाने दोन्ही केलं तर सबंध माल नापास. "अगं, ती गोळी नाही, पतंग आहे!" मी ओरडले. "तिच्या पंखांच्या कडा झडायला लागल्यात, तुझी सही मिळेपर्यंत ती राहील का?" आत्याचा चेहरा पडला. पण ती हटली नाही. "खोटं नाव काढून न तपासलेलं नाव लावायचं असलं, तं पहिलंच काय वाईट होतं?" अध्यक्षबाईंना आमचं मराठी कळत नव्हतं, पण घरोघरचं भांडण कळतं. त्यांनी हळूच पेनाला टोपण लावलं.

मग मी फोन सुरू केले. आयर्लंडमध्ये आशियातला पतंग ओळखणारा माणूस शोधणं म्हणजे भंडाऱ्यात हेरिंग मासा साफ करणारा शोधणं. शेवटी विद्यापीठातला एक संशोधक कबूल झाला. तांबूस दाढीचा, खिशात सँडविच ठेवणारा. आल्या आल्या म्हणाला, "मी भुंगेऱ्यांचा माणूस आहे, आधीच सांगतो." आत्याला तो तत्काळ आवडला, कारण त्याने आधीच सांगितलं. त्याने भिंग काढलं, बराच वेळ बघत राहिला. पिसासारख्या मिशा. पसरलेले पंख. रेशमाचा कोश. पंखातल्या खिडक्या. "मॉथ. शंका नाही. कुळ सॅटर्निडी, शंका नाही. प्रजाती अटॅकस." मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "हिची एक चुलत बहीण आपल्याकडेही आहे, ठाऊक आहे का? वसंतात इथल्या बोगवर, म्हणजे दलदलीच्या माळावर, हेदरच्या झुडपांत. याच कुळातली आयर्लंडभर ती एकटीच."

आत्याने त्याचा हात धरला. "इथे? या पावसात?"

"याच पावसात."

इतक्या वर्षांत मी आत्याला तितकं खूश कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी तिला सांगावं की तुमच्या माहेरचं माणूस इथे पिढ्यान् पिढ्या राहतंय, तशी ती दिसत होती. पण मग तिने विचारलं, "आणि जाती? प्रजातीच्या आतली नेमकी?" आणि त्याने सँडविचच्या कागदाची घडी घालत सांगितलं की तिथे अडचण आहे. ॲटलस म्हणून विकली जाणारी ही उत्तरेकडची खरी ॲटलस, की दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली तिची भाऊबंद, जिला पूर्वी उपजात म्हणत आणि आता काही जण वेगळी जात मानतात? अंडी विकणाऱ्याने मूळ ठिकाण लिहिलेलं नाही. नुसत्या पंखांवरून तो शपथ घेणार नाही. पोट उघडून आतले भाग बघावे लागतील.

पोट उघडायचं म्हणजे तिला मारायचं, हे लाकडी फुलपाखरंवाल्या म्हाताऱ्यालाही कळलं. मला माहीत होतं आत्या काय म्हणणार, कारण ती मला पहिल्या दिवसापासून सांगत आली होती: गोळी तपासायची तर गोळी चुरावी लागते, तपासलेली गोळी डबीत परत जात नाही, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. तिच्या दारातून आजवर न तपासलेलं काहीही पास होऊन गेलं नव्हतं, मीसुद्धा. पाहुणी जाळीला चिकटून बसली होती. पंखांची एक कड फाटली होती, एका बाजूच्या सापाचं अर्धं डोकं उडालं होतं.

"नको," आत्या म्हणाली. "जातीची जागा मोकळी ठेवा."

"मेल्यानंतर बघू शकतो," तो म्हणाला.

"नंतरचं नंतर. आज खरं कार्ड लावून घ्यायला ती जिवंत आहे न? बास."

कार्ड आत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पतंग, मादी. कुळ सॅटर्निडी. प्रजाती अटॅकस. जाती: आणि पुढे काही नाही. खाली भुंगेऱ्यांच्या माणसाने सही केली. अध्यक्षबाईंनी "फुलपाखरे" लिहिलेली पाटी त्या पिंजऱ्यापुढून काढली, लाकडी फुलपाखरांपुढे सरकवली, आणि लाल फीत त्या म्हाताऱ्याच्या कोटाला लावली. तो म्हणाला, "माझी लाकडाची असली तरी फुलपाखरंच आहेत."

त्यानंतरच्या दुपारी आत्या रजा काढून पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. पाहुणी हलत नव्हती, फक्त पोटाचं टोक बाहेर काढून बसली होती. मी विचारलं, हे काय? आत्या म्हणाली, वास सोडून राहिली. नर मैलोन् मैल लांबून त्या वासावर येतो. ती तशीच बसते, कोशापाशी, आणि वाट बघते. मादीचं काम तेवढंच. थोड्या वेळाने आत्या उठली आणि हॉलची मोठी खिडकी तिने उघडली. समुद्रावरचा गार वारा आत आला, विणकामाचे नमुने हलले.

"आत्या," मी म्हटलं, "इथून कोण येणार आहे?"

"कोणी नाही. मला माहिताय न." ती परत बसली. "पण तिचं तं तिला करू दे."

शनिवारी सकाळी पाहुणी जाळीच्या तळाशी होती. भुंगेऱ्यांच्या माणसाचा संदेश आला, हवी तर आता तपासतो. आत्याने उत्तर दिलं, आभारी आहे, नको. तिने तिला आमच्या टकल्या कुंपणाखाली पुरलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "जात कळली असती ना गं." ती हात धुत म्हणाली, "कळून काय करू? कोणाला सांगू?"

आत्या आता भंडाऱ्याला असते. आजोबांना बघायला कोणी हवं होतं, म्हणून २०१९ च्या सुरुवातीला तिने नोकरी सोडली. घर मी सोडलं त्याच्या आधीच. जाताना बॅचलर्स गटातली पोरं तिला डब्लिनच्या विमानतळावर पोहोचवायला आली होती, आणि त्यांतला एक ढसाढसा रडला. त्या वसंतात मी घरभाड्याच्या एका सभेसाठी पुन्हा त्या हॉलमध्ये गेले. दाराशेजारी, उत्सवांच्या तसबिरींत, पाहुणीचा फोटो लावलाय. पहिल्या दिवशी काढलेला, पंख अख्खे, खाली पितळी पट्टी: "फुलपाखरू. प्रथम क्रमांक." अध्यक्षबाई आजारी असतात, येत नाहीत. जो कोणी होता त्याला मी सांगितलं, तो म्हणाला, बदलतो, ग्रँड. बदललेलं नाही, मी पुन्हा जाऊन बघितलं. आत्याला फोन केला, चांगल्याच तावातावाने. ती सगळं ऐकून म्हणाली, "फोटोत खिडक्या दिसतात का?" मी म्हटलं, दिसतात. "मग राहू दे न, बाई." आणि आजोबांना औषध द्यायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

मी राहू देणार नाही. आणि तुम्हीही देऊ नका. कॉर्क हार्बरच्या आसपास राहणाऱ्यांना हॉल कुठला ते सांगायला नको; लांबचे असाल तर तिकडे ज्याची ओळख आहे त्याला हे वाचायला द्या. येत्या रविवारी जा. आत जा, दाराच्या उजव्या हाताला बघा, आधी तिच्याकडे नीट, सावकाश बघून घ्या. मग जो कोणी भेटेल त्याला सांगा की ही पट्टी काढा. तो काय लिहू म्हणून विचारेल. पतंग, मादी, असं लिहायला सांगा. आणि जातीच्या पुढे त्याला काहीही लिहू देऊ नका.